शैलाताईंचा बसलेला आवाज

शैलाताई गेल्याचा फोन त्यांच्या नवऱ्याने, होर्स्टनी केला. झोपेतच हृदय थांबलं होतं. सांत्वनाचे दोन शब्द बोलायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरांचं काही चुकलं का?" होर्स्टना राग आला नाही. "नाही. मीही आधी तेच विचारलं..." ते म्हणाले.

मी पुण्याहून न्युरेम्बर्गला आले, तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळात आरतीला पहिला सूर त्यांचाच असे. त्या इथल्या एका शाळेत संगीत शिकवत. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. हॉस्पिटल म्हणालं, होतं असं कधीकधी. शाळेतली नोकरी सुटली. पुढे आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाईने एकदा दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं, की उपचारात चूक झाली का हे तपासणारं एक मंडळ असतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि चूक ठरली तर भरपाई मागता येते.

"दार कशाला लावलं तिने?" शैलाताई मला विचारायच्या. "आणि मंडळ कुणाचं, तर डॉक्टरांच्याच संघटनेचं! डॉक्टर चुकला का, हे डॉक्टरच ठरवणार. आल्झो, म्हणजे काय, ठरलेलंच आहे सगळं."

तरी त्यांनी अर्ज केला. कितीतरी महिने काही कळेना. प्रत्येक उशिरात त्यांना काळंबेरं दिसे, आणि त्यांचं ऐकून ऐकून मलाही. पण मंडळाने त्यांच्या बाजूने मत दिलं. ऑपरेशनच्या वेळी स्वरयंत्राच्या नसेकडे नीट लक्ष दिलं गेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या विमा कंपनीने भरपाई दिली. मला वाटलं, आता त्यांचा संशय फिटेल. त्या उलट जास्तच चिडल्या. "इतकं नीट काम करतात, मग कुणाला माहीत कसं नाही? हॉस्पिटलात एक तरी पाटी दिसली तुला?"

त्यानंतर गणपतीत, पाडव्याला, हळदीकुंकवाला त्या घोगऱ्या आवाजात सगळ्यांना या चूक तपासणाऱ्या मंडळाबद्दल सांगत सुटल्या. लोक चुळबुळत. नुकताच आलेला एक आयटीवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, "यांना कमिशन मिळतं का हो?" शैलाताईंनी ते ऐकलं. "मलाच विचार की," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरांपुढे बसशील ना, तेव्हाही असाच संशय घे."

परवा इथल्या हॉस्पिटलात सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलायला गेलो होतो. डॉक्टरांनी सगळे धोके भराभर सांगून टाकले. मी विचारलं, "आणि तुमचंच काही चुकलं, तर आम्ही कुठे जायचं?"

"अगं, असं काय बोलतेस!" सासूबाईंनी माझा हात दाबला.

डॉक्टरांनी हातातले कागद खाली ठेवले. "तुम्ही वकील आहात का?"

"नाही. माझ्या मैत्रिणीचा आवाज गेला होता."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळे धोके पहिल्यापासून, सावकाश सांगायला घेतले... मंडळाचं नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही.