गुरम्माक्काचे तांदूळ

गिरणीमागच्या चाळीत भाजी विकणाऱ्या गुरम्माला लोक 'फौजदारीण' म्हणायचे. कुणाची कोंबडी गेली, कुणाचं दोरीवरचं लुगडं गेलं, की माणसं खऱ्या फौजदाराकडे न जाता तिच्या टोपलीपाशी येत. तिची रीत ठरलेली. संशय असलेल्यांनी तिच्यासमोर खळखळून चूळ भरायची, कोरे तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. गुन्हेगाराचं तोंड भीतीनं सुकतं, त्याच्या पानावर कोरडं पीठ पडतं. असे बरेच चोर सापडले होते आणि गुरम्मालाही त्याचा तोरा होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गिरणी कामगार चनबसप्पा ओढ्यात मेलेला सापडला. डोकं फुटलेलं. पोलिसांना दारूचा वास आला, 'पडला असेल' म्हणाले आणि निघून गेले. त्याची बायको ईरम्मा गुरम्माकडे आली.

"अक्का, ह्यो पडला न्हाय. कुणीतरी मारलाय."

गुरम्मानं पदर खोचला. टोपली डोक्यावर घेऊन ती गुत्त्यापासून गिरणीच्या फाटकापर्यंत विचारत फिरली. त्या संध्याकाळी चनबसप्पाबरोबर चौघंजण प्यायला बसले होते, एवढं तिनं शोधून काढलं. त्यांत जेऊरकडून आलेला कोंडीबा होता आणि गुरम्माचा धाकटा भाऊ सिद्धाप्पाही.

रविवारी मारुतीच्या पारावर चाळ जमली. तिघांच्या पानांवर ओला चोथा पडला. कोंडीबा शेवटचा. तो तांदूळ तोंडात नुसता घोळवत राहिला.

"चाव की रं, खडं हायत व्हय?" कुणीतरी ओरडलं. माणसं हसली.

कोंडीबाच्या पानावर पांढरं पीठ पडलं आणि हसणं थांबलं. मग लाथाबुक्क्या सुरू झाल्या. कुणीतरी लाकूड उचललं आणि त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. गुरम्मा बाजूला उभी होती. तिनं कुणाला अडवलं नाही. पोलिसांनी त्याला नेलं आणि काहीच हाती लागेना म्हणून सोडूनही दिलं. पण तोवर गिरणीतलं काम गेलं होतं, आणि त्याच्या बायकोला, बजाबाईला, चाळीतल्या बायका नळावर उभं राहू देत नव्हत्या.

एका दुपारी ईरम्मा मेथी घ्यायला आली.

"अक्का, समद्यांनी चूळ भरली व्हती का?"

"भरली की."

"सिद्धाप्पानं? त्याच्या गालात तंबाखू व्हती, तोंडाला पाणी सुटलेलं. मी समोरच बसले व्हते."

गुरम्माच्या हातातला तराजू तसाच राहिला. तंबाखू तिनंही पाहिली होती. 'तुझी चूळ राहू दे रं, घे तांदूळ,' असं तीच म्हणाली होती. का म्हणाली? भाऊ म्हणून, की मनात कुठं तरी शंका आली होती म्हणून? तिला स्वतःलाच सांगता येईना.

ती तशीच उठून भावाच्या खोलीवर गेली. तो जेवत होता. तिनं विचारलं तेव्हा त्यानं घास खाली ठेवला.

"चनबसप्पानं गिरणीतल्या मुकादमाकडं, जॉबरकडं चुगली केली आन् माझ्या हातचा कापडाचा माग गेला, अक्का. डोकं फिरलं, दगड घातला." मग तिच्याकडे बघत म्हणाला, "पण तुला ठाऊकच व्हतं की. मला वाटलं, तू मला वाचवतीयास."

गुरम्मा भिंतीला टेकली. आपण गावभर गुन्हेगार शोधत फिरलो आणि गुन्हेगाराला मात्र आपण त्याच्या बाजूचे वाटलो.

दुसऱ्या दिवशी ती ईरम्माला घेऊन चौकीत गेली. "परवा तुमच्या तांदळानं दुसराच पकडला होता ना, बाई?" फौजदारानं टोमणा मारला. ती मान खाली घालून सगळं बोलली. सिद्धाप्पाला बेड्या पडल्या.

चाळीत लोक म्हणू लागले, "सख्खा भाऊ धरून दिला. काळीज लागतं!" ते ऐकताना तिला तोंड लपवावंसं वाटे.

कोंडीबा गावी जायला निघाला होता. गुरम्मा त्याच्या दारात गेली.

"कोंडीबा, मग तुझं तोंड का रं सुकलं?"

"मावशी, मी परका माणूस. समदी चाळ माझ्याकडंच बगत व्हती. तुमीबी."

"आता तर खरं कळलं समद्यांना."

"कळलं, पर एकजण तरी आला का हितं?"

गुरम्मा परत फिरली. ज्यांनी हात उचलला होता, त्यांची दारं तिनं एकेक करून ठोठावली. काहींनी आतूनच नाही म्हटलं. तिघं आले आणि कोंडीबासमोर माना खाली घालून उभे राहिले. कोंडीबानं त्यांना चटईवर बसायला सांगितलं. गुरम्माही चटईकडे वळली.

"तुमी नका बसू अक्का," बजाबाई गाठोडं बांधत म्हणाली. "ह्यांना मारलं तवा बाजूला उभ्याच व्हता न्हवं?"

गुरम्मा उभीच राहिली.