दोन प्रोसेसर आणि तात्यांचं खाचर

सर्व्हरचा प्रोसेसर घेऊ की वर्कस्टेशनचा, हे मी मागे इथंच विचारलं होतं. आज निकाल लागला, पण तेव्हापासून कामात लक्ष नाही.

नांदे गावात तात्यांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन मी बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवते. विक्रेत्यानं दोन मशीन वापरून बघायला दिली. सर्व्हरमध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, भरपूर; वर्कस्टेशनमध्ये कमी पण वेगवान. तुलनेसाठी दोन्हींवर एकच फाइल लागते. मी सगळ्यात जड फाइल लावली, एका बिल्डरची नवी टाउनशिप. ती कुठे होणार, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन्ही पडद्यांवर चौकोन-चौकोनानं चित्र भरत असताना तात्या चहा घेऊन आले आणि उभेच राहिले.

"ह्यो वढा आमच्या बांधाचा हाय. मग ह्या बिल्डिंगी आमच्या भाताच्या खाचरात कशा?"

"तात्या, जमीन विकलीत ना तुम्ही?"

"कुनी सांगितलं? आमी अजून व्हय म्हनलो न्हाई."

चहा टेबलावर ठेवून ते पडद्यांजवळ सरकले. म्हणाले, "ह्यातलं आधी कुठलं पुरं व्हतंय?"

"डावीकडचं." ते सर्व्हरचं होतं, आणि खरंच तेच आधी संपलं.

"मग त्यातलं चित्र मला काढून दे, पोरी. घरात दावतो. इकायच्या कागदावर सही घरातल्या कुनी केली ते कळंल."

क्लायंटची फाइल बाहेर देणार नाही, असं मी लिहून दिलंय. तात्या खाली ओट्यावर बसून वाट बघतायत.

मशीन कुठलं घ्यायचं ते कळलं. चित्राचं काय करू, ते सांगा.