व्याह्यांचा फोटो

मोगऱ्याचा गजरा शिळा झाला की तुरट वास येतो. काल शारजात बसमध्ये कुणा बाईच्या केसांतून तो आला आणि दुबई मरीनातलं ते लग्न आठवलं. मंदी आली त्याच्या पुढच्या सालचं.

मी चौथी नापास, पण लग्नाचे फोटो काढण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गल्फात नव्हता. पाण्याकाठी दोन्ही घरची माणसं उभी केली, तेवढ्यात नवरदेवाचे वडील कानाशी आले.

"मामा, एक फोटो नवरीच्या वडिलांना सोडून काढा. ऑफिसात टेबलावर ठेवायचाय."

दोघे व्याही जबल अली बंदरातल्या एकाच कंपनीत. नवरीच्या वडिलांना नुकतंच काढून टाकलं होतं.

"त्यांच्याशेजारी दिसलो तर साहेब माझीही नोकरी खलास करेल."

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "नवरीच्या बापाला वगळून लग्नाचा फोटो होतो होय? मी नाही काढणार."

नवरीचे वडील गुमान रांगेतून बाहेर आले. "काढा हो मामा. पोरीला त्याच घरात नांदायचंय." वाऱ्यानं माझ्या लाइटचा स्टँड हलत होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तेव्हा मला तो माणूस बिनकण्याचा वाटला. आता माझ्याही दोन लेकी सासरी आहेत, आता तसं वाटत नाही.

महिन्याभरानं नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. "मामा, साहेबाला फोटो फार आवडला. म्हणाला, नवरीच्या तोंडावर उजेड काय सुरेख पडलाय."

"तो तिच्या बापानं धरला होता," मी म्हणालो आणि फोन ठेवला.