सतराव्या ठोकळ्यातली अक्षत

अवसरी बुद्रुकच्या गोरख हिंगेचं अर्धं आयुष्य छिद्रांत डोकावण्यात गेलं. चाकणकडच्या ज्या कारखान्यात तो एकवीस वर्षं आहे, तिथं लष्करी विमानांचे सुटे भाग होतात. यंत्रातून निघालेल्या भागाच्या छिद्रात धातूची बारीक कूस राहते, तिला तिथं बर म्हणतात. ती हातानं काढायची, हे त्याचं काम. सुईएवढं पातं, डोळ्याला भिंग आणि आठ तास मान खाली. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, "इमानाचं कान कोरतो."

लोक हसत, पण गडी कामाला पक्का. त्याच्या हातचा एकही नग कधी परत आला नव्हता आणि याचा त्याला थोडा ताठाही होता. असायलाच हवा; एवढं कुणाला जमतंय?

यंदा नवं काम आलं. ज्या विमानावर पोरं उडायला शिकतात, त्याचा मुठीएवढा ठोकळा. त्याच्या आतल्या वाटांमधून तेल दाबानं फिरतं आणि त्या दाबावर विमानाची चाकं उतरताना बाहेर येतात. पहिले चोवीस ठोकळे धुऊन, तपासून तयार झाले ते नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा. हळदकुंकू यंत्राच्या बाहेरच्या दारालाच लावायचं, नगांजवळ न्यायचं नाही, असा पारस ओसवालचा सक्त हुकूम. पारस म्हणजे मंचरच्या कापडवाल्यांचा मुलगा, तपासणी विभागाचा साहेब. पूजेनंतर गोरखच्या हातात चिमूटभर कुंकवातल्या अक्षता उरल्या. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं त्या ट्रेमधल्या ठोकळ्यांवर टाकल्या, हात जोडले आणि लगेच वेचून घेतल्या. संध्याकाळी छिद्रांना टोपणं बसली, खोकी बंद झाली आणि माल गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. बायकोनं, साधनानं, मोटारसायकलला हार घातला, ओवाळलं, अक्षता टाकल्या. गोरख किल्ली लावायला गेला तर ती आत जाईना. वाकून बघतो तर किल्लीच्या भोकात तांदळाचा दाणा. त्यानं तो सुईनं काढून तळहातावर घेतला. काल वेचलेल्या अक्षता त्यानं मोजल्या कुठं होत्या?

सोनं द्यायला आलेल्या माणसांशी तो धड बोललाही नाही. साधनाला सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्याशा तांदळानं काय होतंय, तेलात भिजून पीठ होईल त्याचं. तुम्ही तोंड उघडलंत तर मात्र नोकरी जाईल. तिचं काही खोटं नव्हतं. पण त्या वाटेत पीठही चालत नाही, हे गोरखला ठाऊक होतं. त्याचं अन्नावरचं मन उडालं. कामावर भिंगातून बघावं तर प्रत्येक छिद्रात तांदूळच दिसे. विमान खाली येतंय, आतला पोरगा कळ ओढतोय आणि चाकं बाहेर येत नाहीत, एवढंच सारखं डोळ्यांपुढं. ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्या पोराच्या काळजीनं तो पार खंगून गेला.

पाचव्या दिवशी तो पारसच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. पारस ओरडला नाही. त्यानं फोन उचलला आणि चोवीसच्या चोवीस ठोकळे होते तिथंच थांबवले. ते परत यायला आठवडा लागला. तोवर गोरखला आत पाय ठेवायला बंदी होती. रोज हजेरी लावून तो गेटजवळच्या बाकड्यावर बसून राही आणि येणारेजाणारे त्याच्याशी नजर टाळून बोलत.

ठोकळे आले. बारीक नळीचा कॅमेरा घालून एकेक वाट बघितली. सतराव्या ठोकळ्यात, वाट वळते तिथं, कुंकवानं लाल झालेला दाणा बसला होता.

पारसनं गोरखला बोलावून तो पडद्यावर दाखवला. टेबलावर चौकशीचा कागद होता, त्यात कारणाचा रकाना होता आणि तो कागद वर जायचा होता.

"गोरखभाऊ, मी बजावून सांगितलं होतं," पारस म्हणाला. "मग का टाकल्या?"



"त्यात बसनाऱ्या पोराला काय व्हऊ नये म्हनून, सायेब."

पारसनं रकान्यात 'निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. गोरखनं तो शब्द दोनदा वाचला आणि खाली सही केली.