वेलीच्या बापाचं नाव

आमच्या केंद्रात प्रत्येक नळीवर, प्रत्येक वेलीवर, प्रत्येक शेळीच्या कानात नंबर असतो. किश्श्यांना मात्र नंबर नाहीत. ते कुठेही साठतात. अठरा वर्षांत एवढे झालेत की एक उपटायला जावं तर हरळीसारखे शेजारचे चार सोबत येतात!

केंद्र नाशिकबाहेर, दिंडोरी रस्त्याला. काम एकच: चांगल्या आईबापांपासून आणखी चांगली पोरं काढायची. कधी द्राक्षाची, कधी गायीची. शकील सर द्राक्षाच्या नव्या जाती तयार करतात. डॉक्टर पगार जनावरांचं बघतात. सुनंदाताई गांगुर्डे एकलहऱ्याहून येतात. द्राक्षाच्या फुलांचं लग्न लावायचं, म्हणजे एका वेलीचा पराग दुसरीच्या फुलांना लावायचा, हे काम त्यांच्या हाताला. आणि मी मीनल, लॅबमध्ये डीएनए काढते.

*

हंगामात आम्ही गेटवर द्राक्षांचा स्टॉल लावतो. एकदा एका बाईंनी गाडीची काच खाली केली.

"यात डीएनए वगैरे घातलेला नाही ना?"

मला शिकवायची हौस. म्हटलं, "मॅडम, डीएनए घालावा लागत नाही. सगळ्यांत असतोच. कांद्यात, तांदळात, तुमच्यात, माझ्यात..."

बाई आणखीनच घाबरल्या. "सगळ्यांत? मला बिनडीएनएचं काहीतरी द्या."

सुनंदाताई मागे पेट्या रचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग दगड घ्या, ताई. त्यात नसतो."

*

डॉक्टर पगार नांदगावकडे एका शेतकरी बाईंच्या गायीला कृत्रिम रेतन करायला गेले. नळी बाहेर काढली, तेवढ्यात बाई आडव्या आल्या.

"आधी नवरदेव दाखवा. न बघता पोर देत नाय मी."

डॉक्टरांनी मोबाइलवर वळूचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावून निरखला. "खांदा बरा हाय. पन घरचं कसं?"

डॉक्टरांनी वळूच्या आईची दुधाची नोंद वाचून दाखवली. बाई खूश. "मंग आधी सांगायचं ना, सासू एवढी चांगली हाय! ऱ्हातो कुठं हा?"

डॉक्टर खोटं बोलत नाहीत. "मावशी, तो वारला. चार वर्षं झाली. त्याचं वीर्य आम्ही गोठवून ठेवलंय."

बाईंनी मोबाइल डॉक्टरांच्या हातात परत दिला. डॉक्टरांना वाटलं, गेलं काम! मग बाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं झालं बाई. सासुरवासच नाय!"

*

दोन भाऊ आले होते, दोन गाड्यांतून. मोठ्याच्या बागेत एका काडीला लांब मण्याचे घड लागलेले. त्याने त्या काड्या जपून बाग वाढवली. दोन वर्षांनी धाकट्याच्या बागेतही तसेच लांब मणी! मोठा म्हणे चोरी, धाकटा म्हणे माझं मला सापडलं. बोलणं बंद. घरातलं लग्न तोंडावर आलेलं आणि पत्रिकेत एकमेकांची नावं घालायची नाहीत, इथवर गोष्ट गेलेली.

दोघांनी पानांच्या पिशव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी तपासल्या. सारख्याच.

"बघा! चोर!" मोठा ओरडला.

"थांबा," शकील सर म्हणाले. त्यांनी मला तिसरी पिशवीही तपासायला दिली होती. आमच्या केंद्राच्या शेतातल्या जुन्या, साध्या वेलीची. तिचा निकालही तोच! सरांनी समजावलं, "बिनबियांचं द्राक्ष आपण पेरत नाही, काडी लावतो. काडीची काडी, तिची काडी. जिल्ह्यात या जातीच्या जेवढ्या वेली आहेत, तेवढं सगळं मुळात एकच झाड. मणी लांब होणं हा त्यातला इतका बारीक बदल आहे, की आमच्या या तपासणीत तो दिसतच नाही. आणि तो दोन ठिकाणी आपोआपही होऊ शकतो."

मोठ्याने तिन्ही पिशव्यांतली पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. धाकट्याने विचारलं, "दादा, म्हणजे आपण दोघांनी मिळून ह्यांचंच झाड चोरलं का काय?"

अठरा वर्षांत माझ्या लॅबमध्ये कुणी इतकं मोठ्याने हसलेलं नाही. मोठाच हसत होता.

*

हा किस्सा माझ्याच इज्जतीचा. एका शेळीच्या केसांचा नमुना मी घाईत, हातमोजे न घालता पाकिटात भरला आणि पुण्याच्या लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: "नमुना मानवी."

डॉक्टर पगारांनी तो सगळ्यांसमोर वाचला. मग शेळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाक सोडलं तर तुझ्यावरच गेलीये हं!"

*

त्र्यंबककडच्या एका शाळेतली मुलं आली होती. शकील सरांनी त्यांना केळ्याचा डीएनए काढून दाखवला. कुस्करलेलं केळं, भांड्याचा साबण, मीठ, गाळणं, वरून थंडगार स्पिरिट. ग्लासात पांढरे धागे तरंगायला लागले. पोरं चिडीचूप!

सर म्हणाले, "हे म्हणजे पत्र आहे. यात सगळं लिहिलेलं असतं."

पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "काय लिहिलंय यात?"

"केळं हो, असं लिहिलंय."

ती ग्लासाकडे टक लावून बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. मग म्हणाली, "सर, मग हे होत का नाही?"

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, "शाब्बास बेटा. पत्र वाचणारं कुणीतरी लागतं. ते वाचणारं घर, म्हणजे पेशी, आपण आत्ता साबणाने फोडून टाकलं."

मुलीने मान हलवली. "म्हणजे पत्र आहे, पण घरी कोणीच नाही."

तेव्हापासून सरांचं प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू होतं. आणि ते वाक्य कुणाचं, हे सर न विसरता सांगतात.

*

एका वर्षी ऐन फुलोऱ्यात आठवडाभर अवकाळी पाऊस झाला. डाऊनी नावाच्या बुरशीच्या रोगाने आमच्या नव्या रोपांच्या ओळीच्या ओळी काळ्या पडल्या. फक्त सत्तेचाळीस नंबरची वेल हिरवीगार. पुढे तिचे मणीही गोड निघाले. शकील सर वीस वर्षं असल्याच वेलीची वाट बघत होते. मला म्हणाले, "नवी जात म्हणून नोंदणीला पाठवण्याआधी आईबाप एकदा तपासून घे."

पोराचा अर्धा डीएनए आईचा, अर्धा बापाचा. आई जुळली. बाप जुळेना! तीनदा तपासलं. मग नोंदवहीतल्या सगळ्या बापांशी ताडून बघितलं. एकही नाही.

आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, भडकले. एक नोंद खोटी म्हणजे ते लग्न लावलं त्या हंगामातलं सगळंच काम संशयात. त्या फुलांना पराग सुनंदाताईंनी लावलेला. साहेब म्हणाले, "बाई बदला."

सरांनी ताईंना बोलावलं. मी तिथेच होते, आणि तिथे नसते तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

"ताई, पराग चुकून दुसरा लागला का?"

"चुकून नाय, सर. मुद्दाम लावला."

पंपहाऊसच्या मागे एक वेल आपोआप उगवली होती. ताई सांगू लागल्या, "कुणी लावली नाय, कुणी छाटत नाय, कुणी फवारत नाय. मणी आंबट ढाण. पण अकरा वर्षं डबा खायला मी तिथं बसते. कसला बी पाऊस होऊ द्या, तिच्या पानाला डाग नाय. म्हनून शेवटच्या दोन घडांना तिचा पराग लावला."

"मग वहीत दुसऱ्याचं नाव का लिहिलं?"

"रकाना रिकामा ठेवला तर साहेब ओळच खोडतात. आणि तिला नावच नाय, सर. काय लिहू?"

सर उठले. आम्ही तिघं पंपहाऊसमागे गेलो, पान तोडलं. मी लगेच त्याचा डीएनए काढायला घेतला. तिसऱ्या दिवशी निकाल आला. बाप जुळला!

सर आधी साहेबांकडे गेले. म्हणाले, "वहीवर सही माझी आहे, तेव्हा चूकही माझी. बाई बदलायची नाही." मग त्यांनी त्या हंगामाची नोंदवही उघडली, लाल पेनाने बापाचं नाव खोडलं, शेजारी सही केली आणि नवीन नाव लिहिलं.

ताई वाकून एकेक अक्षर वाचू लागल्या.

"सर! बापाच्या रकान्यात माझं नाव?"

"वेलीचं आहे," सर पेनाला टोपण लावत म्हणाले. "आजपासून."

ताईंनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "मग आडनाव बी लिहा ना, सर."

सरांनी टोपण परत काढलं.