गाडीसमोर उभं राहायचं नाही

प्रकाशा गावाजवळच्या तापीवरच्या पुलाअलीकडे आमची नाकाबंदी असायची. मी शिपाई, आणि सोबत निवृत्तीला आलेले एक हवालदार. मी त्यांना काका म्हणायची. ते गाडी थांबवायला थेट रस्त्याच्या मधोमध जायचे. एकदा मी म्हणाले, "काका, बाजूला उभे राहा ना."

ते हसले. "समोर उभं ऱ्हायनं तवयच लोके थांबतस."

त्या दुपारी केळीनं भरलेली पिकअप आली. काका समोर दिसल्यावर तिचा वेग कमी झाला. काका दाराशी गेले आणि चावी काढायला त्यांनी खिडकीतून हात आत घातला. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी दामटली. हात अडकला. काका आधी सोबत धावले, मग फरफटले. मी मागे पळत होते. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायचं सुचत नव्हतं. पुलाच्या तोंडाशी ते सुटून पडले.

ड्रायव्हर शहाद्याच्या रस्त्यावर सापडला. गाडीत केळींखेरीज काही नव्हतं. लायसन्स नव्हतं म्हणून घाबरून पळाला होता. सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम लागलं. जबाब देताना मला विचारलं, "त्यानं मुद्दाम केलं?" मी पाहिलं तेवढंच सांगितलं.

काकांचा खुबा मोडला होता. ड्रायव्हरचा बाप हात जोडून दवाखान्यात आला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "जे व्हयनं ते मी कोर्टात सांगसू. कमी नही, जास्त बी नही."

पुढच्या आठवड्यात हजेरीला साहेबांनी सूचना वाचून दाखवल्या. गाडीसमोर उभं राहायचं नाही. खिडकीत हात घालायचा नाही. गाडी पळाली तर मागे धावायचं नाही, नंबर पुढच्या नाक्याला कळवायचा. कुणीतरी म्हणालं, कायदा आणखी कडक पाहिजे. मी विचारलं, "साहेब, हे आधी का नव्हतं?"

"होतं," साहेब म्हणाले. "पाळत कुणी नव्हतं."

काका आता घरी असतात, काठी घेऊन चालतात. मी अजून नाक्यावरच आहे. इंजिनाचा आवाज जरा चढला की माझे पाय आपोआप मागे सरतात. जेवतानाही कान रस्त्याकडे असतात.

परवा धडगावची जीप थांबवली. ड्रायव्हरनं मला मागे सरताना पाहिलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, "या ताई, बघा कागद."

मी गेले. पण दारापाशी पोचायला मला वेळ लागला.