सिरिल हार्टलीच्या टेबलावरचा कॅप्टन

सिरिल हार्टलीने जेवढे अधिकारी गारद केले तेवढे जर्मनांनाही जमले नसतील. आणि तेही इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या वाचनालयात, खुर्चीतून न उठता, चहात बिस्किट बुडवत.

दर गुरुवारी सकाळी लोक आपापल्या आजोबांचे पहिल्या महायुद्धातले फोटो घेऊन त्याच्यासमोर बसतात. पोस्टकार्डाएवढा फोटो, गणवेश, ताठ मान. "आमचे आजोबा सार्जंट होते," असं अभिमानाने सांगतात. सिरिल भिंग लावतो आणि दहा मिनिटांत आजोबांचा आचारी होतो. भांडायला पुरावा नसतो, कारण दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा पहिल्या युद्धातल्या बहुतेक शिपायांची कागदपत्रं जळून गेली. घरोघरी उरलाय तो एक फोटो आणि आजीने मारलेली एक थाप.

हा माणूस एकोणऐंशी वर्षांचा. गिरणीत माग दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली, पण कापडावरची नजर काही गेली नाही. फोटोतला चेहरा तो सगळ्यात शेवटी बघतो. आधी फोटो उलटा करून स्टुडिओचा शिक्का, मग टोपीवरचा बिल्ला, बटणं, पट्टा आणि दोन्ही बाह्या. डाव्या बाहीवर मनगटाजवळ उलट्या व्ही आकाराची फीत दिसली की घरच्यांना वाटतं बढती मिळाली होती. सिरिल म्हणतो, "ही चांगल्या वागणुकीची फीत. म्हणजे दोन वर्षं पकडला गेला नाही, एवढंच."

मी बर्नलीत अडतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. अर्ध्या गावाची मूळव्याध मला तोंडपाठ आहे. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून सिरिलच्या टेबलाशेजारी चहा द्यायला आणि त्याने रडवलेल्यांना कागदी रुमाल पुरवायला बसू लागले.

दोन हजार सोळा साली फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईची शंभरी होती. वाचनालयात नोव्हेंबरात फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि गावात जो तो आपला म्हातारा भिंतीवर चढवायच्या मागे लागला होता. त्यातच हिल्डा सटक्लिफ आली. वय पंच्याऐंशी, हातात पर्स, पर्समध्ये बापाचा फोटो आणि मागे जावई केनेथ. केनेथ घरं विकण्याच्या धंद्यातला, त्यामुळे पडक्या भिंतीलाही ऐतिहासिक म्हणायची त्याला सवय. त्याने सासऱ्याच्या सासऱ्याला की बायकोच्या आजोबाला, काय म्हणायचं ते म्हणा, परस्पर बढती देऊन टाकली होती. पाटीसुद्धा छापून आणली होती: कॅप्टन वॉल्टर ब्रियर्ली.

केनेथ सिरिलशी हुज्जत घालत होता तेवढ्यात हिल्डा माझ्याकडे चहा घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, "काय गं, फोटोवरून कळतं का, माणसं मारली होती की नाही ते?"

मी म्हटलं, "कुणी?"

"आमच्या बाबांनी, आणखी कुणी! मला तो कॅप्टन-बिप्टन नकोय. ते युद्धाचं अवाक्षर काढायचे नाहीत. घरात उंदीर सापडला तर शेपटीला धरून मैदानात सोडून यायचे. नाताळाला कोंबडी मारायची तर शेजारच्याला बोलवायला लागायचं. आई म्हणायची, 'फार पाहिलंय त्यांनी तिकडे, फार केलंय.' काय केलंय? जन्मभर ते एकच डोक्यात घेऊन बसलेय. मरायच्या आत तेवढं कळू दे."

मी तिला बिस्किट दिलं. दुसरं काय देणार?

टेबलावर केनेथ गरजत होता, "ही छडी बघा ना हातात! साध्या शिपायाला कोण देतं छडी?"

"फोटोवाला देतो," सिरिल म्हणाला. त्याने खणातून पाकीट काढलं आणि पत्ते पिसावेत तसे फोटो टेबलावर टाकले. त्याच स्टुडिओतले, मागे तोच रंगवलेला कठडा, आणि प्रत्येकाच्या हातात मुठीला पोचा आलेली तीच छडी. "एक्केचाळीस कॅप्टन आहेत माझ्याकडे. यातला हा खेचरं सांभाळायचा. हा तर इथून वीस मैलांवरच्या प्रेस्टनच्या पुढे गेलाच नाही."

केनेथने छापील पाटी हळूच मांडीवर उलटी केली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सिरिलने वॉल्टरच्या टोपीवर भिंग धरलं. धरलं ते धरूनच ठेवलं. पट्टा पाहिला, पुन्हा टोपी पाहिली. चष्मा काढून पुसला. एरवी एवढ्यात त्याच्या चेहऱ्यावर हलवायाच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखा आनंद पसरतो. आज तो म्हणाला, "फोटो अंधुक आहे. नक्की काही सांगता येत नाही."

सिरिल असं कधीच म्हणत नाही. मी चहाची किटली खाली ठेवली.

"सांगून टाक, सिरिल," हिल्डा म्हणाली. "तू दयाळू झालास की फार भेसूर दिसतोस."

सिरिलने भिंग खाली ठेवलं. "बिल्ल्यावर सिंह नाही, मुकुट नाही, तोफ नाही. पितळेची नुसती तीन अक्षरं आहेत. कमरेला संगीन अडकवायची सोय नाही. ज्यांनी बंदूक हातात धरायला नकार दिला, त्यांची वेगळी पलटण केली होती. त्यातला आहे हा. यांना खडी फोडायला लावायचे, रस्ते करायला लावायचे, जहाजातली पोती उतरवायला लावायचे, संडास खणायला लावायचे. तुरुंगात टाकलं नाही, एवढंच."

शंभर वर्षं झाली तरी बर्नलीत या माणसांचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. प्रत्येक गल्लीतली चार-पाच पोरं सॉमला मेली होती, आणि जे लढायला गेलेच नाहीत त्यांच्या दारावर लोक घाण फेकायचे.

"म्हणजे भेकड," केनेथ पुटपुटला. "आई, चला. हा फोटो नाही लावायचा. लोक काय म्हणतील?"

हिल्डाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे कुणालाच नाही मारलं?"

"कशाने मारणार? फावड्याने?" सिरिल म्हणाला. "बंदूकच नव्हती बाई त्यांच्याकडे."

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही."

ती हसायला लागली, इतकी की पर्स मांडीवरून खाली पडली. "आणि आई म्हणायची फार केलंय! थापाडी मेली! दारावर घाण पडू नये म्हणून सगळ्या गल्लीला थाप मारली, आणि मी बसले खरं मानून." मग एकदम थांबली. "केनेथ, नवी पाटी छाप. कॅप्टन काढ. वॉल्टर ब्रियर्ली, खडी फोडली, कुणाला मारलं नाही. असंच्या असं."

"आई, प्रदर्शनात असलं—"

"छाप म्हटलं ना!"

प्रदर्शनाची यादी सिरिलकडेच होती. त्याने कॅप्टन हा शब्द खोडला आणि हिल्डाने सांगितलं तसंच्या तसं खाली लिहून घेतलं. केनेथकडे बघून म्हणाला, "पहिल्या रांगेत लावतो."

मला वाटलं, संपलं. मी कप गोळा करायला लागले. हिल्डा मात्र उठली नाही. फोटो हातात घेऊन ती सिरिलला म्हणाली, "शाळेतल्या पोरांनी मला सांगितलं होतं, संगीन पोटात कशी फिरवतात ते. नऊ वर्षांची होते. त्या दिवसापासून मी बाबांचा हात धरला नाही. रस्ता ओलांडताना ते हात पुढे करायचे, मी माझा खिशात घालायची. दवाखान्यात शेवटी तीन दिवस त्यांचा हात चादरीवर उघडा पडला होता. तेव्हाही नाही धरला."

सिरिलकडे प्रत्येक फोटोला उत्तर असतं. तो माझ्या हातातला कप घेऊन तिच्यासाठी चहा ओतायला उठला.